वायूचा कोंडवाडा

‘माणसाने अग्नी आवरला, पाणी अडवलं, वीज तारेत बांधली, आता वायूला दगडात विसावा देण्याचा क्षण आला आहे, आणि तो क्षण बोईसरच्या मातीत उगवावा हे आपलं महद्भाग्य.’

हे वाक्य माझं आहे. म्हणजे लिहिलं मी, वाचलं आमच्या शेठनी, आणि टाळ्या पडल्या त्या वाक्य संपलं म्हणून. त्यातला दगड म्हणजे आमच्या कारखान्यात निघणारा फरसबंदीचा ब्लॉक, जो तुम्ही पेट्रोल पंपावर गाडीखाली तुडवता. वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो नळकांड्यांत भरून ट्रकने यायचा, आणि त्या ट्रकचा धूर पाहून मला दर वेळी वाटायचं की थोडा वायू वाटेत पेरतच आणला असेल. ‘विसावा’ हा शब्द माझ्याच हातून गेला. एरवी मी बरा माणूस आहे.

यंदा माघात पुन्हा ते वारं सुटलं आणि ते वाक्य आठवलं. शिरगावला आमच्या वाडीत समुद्र समोर असून या दिवसांत पहाटेचा वारा पाठीमागून, जमिनीवरून येतो. कोरडा असतो. धुतलेला सदरा चहा होईपर्यंत वाळतो, ओठ फुटतात, माडाच्या झावळ्या कागदासारख्या वाजतात. कधी या वाऱ्याला कडसर वास असतो. तो आला की तारापूरच्या बाजूला कारखाने नीट चालू आहेत असं समजावं. आमच्याकडे या वासाला सगळे शिव्या देतात, आणि चार दिवस आला नाही तर एकमेकांना विचारतात, काय रे, बंदबिंद पडलं की काय.

ते वाक्य लिहिलं त्या वर्षी हा वारा मी नाकाने कमी आणि बोटांनी जास्त ओळखत होतो. कारण त्या वर्षी ब्लॉक वाऱ्यावर सुकवायचे होते.

आमच्या कारखान्यात मी लॅबचं काम पाहतो. लॅब म्हणजे दहा बाय बाराची खोली, ब्लॉक दाबून फोडायचं यंत्र, एक वजनकाटा, आणि पुस्तकांचं फडताळ, ज्याचा लॅबशी संबंध नाही. या फडताळामुळे मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. पण ज्याच्याकडे पुस्तकं आहेत आणि अक्षर चांगलं आहे, त्याला आपल्याकडे दुसरं काय म्हणणार? अक्षर चांगलं म्हणून अंगणातल्या मोठ्या काळ्या फळ्यावर रोजची कामं लिहायचं कामही माझ्याकडे आलं. हा फळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ब्लॉक करायला आम्ही सिमेंट थोडं आणि बाकी इतरांचं टाकाऊ वापरतो. कोळशावर वीज करणाऱ्यांकडची राख, आणि पोलादाच्या भट्टीवर दुधावर साय धरावी तशी धरणारी आणि गार झाली की दगड होणारी स्लॅग. साच्यातून निघालेला ब्लॉक कोवळा असतो. त्याला दिवसातून तीनदा पाणी पाजायचं, वर ओली गोणपाटं टाकायची, असं बरेच दिवस. या पाणी मारण्याला आमच्या धंद्यात ‘क्युरिंग’ म्हणतात. इंजिनीअर म्हणतात, गवंडी म्हणतो, ट्रक भरणारा म्हणतो. क्युरिंग म्हणजे पाणी. दुसरा अर्थ आमच्या अंगणात कुणी ऐकलेला नव्हता.

आमच्याकडे क्युरिंग म्हणजे हिराबाय. कुंभवलीची, पन्नाशीची, साडीचा काष्टा मारून हातात नळी धरलेली. तिच्या मनगटांना राखेचा रंग कायमचा चढला होता. ब्लॉकला तहान लागली आहे का, हे ती बोटाच्या पेराने वाजवून सांगायची. ओला ब्लॉक बद्द वाजतो, सुकलेला टणक. मी माझ्या वजनकाट्यावर तपासून पाहायचो आणि ती म्हणेल तेच निघायचं. शेवटी मी तपासणं सोडलं. अपमान किती वेळा करून घ्यायचा.

“बाळंतनीला आणि सिमिटाला कोरडा वारा लागू द्यायचा नाय,” ती म्हणायची. “दोगींच्या अंगात कळ ऱ्हाते.”

तर त्या माघात शेठनी नवी पद्धत आणली. सिमेंट भाजताना चुनखडीतून जो वायू उडून जातो, तोच परत कोवळ्या ब्लॉकमध्ये घालायचा. आतला चुना तो गिळतो आणि पुन्हा चुनखडी होतो. वायू हवेत जात नाही, ब्लॉक काही तासांत पक्का होतो, बरेच दिवसांचं पाणी वाचतं. ऐकायला इतकं सोपं होतं की मला संशय आला. पण मी वाचून पाहिलं आणि ते खरं निघालं. संशयी माणसाच्या आयुष्यात असे दुःखाचे प्रसंग येतात.

एक जुना मालवाहू कंटेनर आणला. त्याला रबराची पट्टी लावलेलं जाड दार बसवलं, वर दाब दाखवणारा काटा लावला. दारावर पाटी आली, ‘कार्बन संधारण कक्ष’. हिराबायने विचारलं, “यात काय ठेवनार?”

मी म्हटलं, “हवा कोंडायची आहे. मोकाट हवा.”

“म्हंजे कोंडवाडा,” ती म्हणाली, आणि पाटीचा विषय तिथेच संपला. गावात मोकाट ढोरं कोंडतात तो कोंडवाडा. दोन दिवसांत रामसूरत आणि त्याची भरणी करणारी टोळीसुद्धा “कोंडवाडे में माल डालो” म्हणू लागली. मलाही तो शब्द ‘विसाव्या’पेक्षा प्रामाणिक वाटला. कोंडवाड्याच्या बाहेर उभं राहिलं की चारी दिशांना धुराडी दिसतात. आम्ही एक गाय कोंडली होती; कळप समोर चरत होता.

ही पद्धत देणाऱ्या कंपनीकडून केतकी मॅडम आल्या होत्या. तिशीच्या, पुण्याच्या, पायात सेफ्टी बूट आणि बोलणं मोजकं. त्यांनी पहिल्या दिवशीच मला मुख्य गोष्ट सांगितली. वायू आत शिरायला ब्लॉकमधली बारीक छिद्रं अर्धी रिकामी हवीत. म्हणून साच्यातून काढल्यावर दिवसभर वाऱ्यावर ठेवायचे. पाण्याचा थेंब नको. पाण्याने छिद्रं भरली की वायू दाराबाहेरच राहतो.

हे मी हिराबायला सांगितलं. पहिल्या दिवसाचे ब्लॉक वाऱ्यावर मांडले होते आणि ती लांब उभी राहून, दुसऱ्याच्या घरात रडणारं पोर ऐकावं तशी बघत होती.

“आज नाय मारायचं?”

“आज नाही.”

“मग कदी?”

“फळ्यावर लिहीन.”

“आनि हे चाललं, तर पानी मारायला मानूस लागंल?”

मी म्हटलं, बघू. हे उत्तर मास्तरांना शोभणारं नव्हतं, पण खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि तिलाही. नवरा दमेकरी, घरात कमावणारी तीच. पाणी गेलं की ती गेली. त्या दिवसापासून तिने प्रत्येक गोष्ट जास्तच मन लावून करायला घेतली. नळी गुंडाळून ठेवायची ती सापाच्या वेटोळ्यासारखी नीट. सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळायचं. चूक काढायला जागाच ठेवायची नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

उद्घाटनाची तारीख ठरली. पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले. पाहुणे कोण होते ते सांगण्यासारखं नाही, कारण ते कुठल्याही उद्घाटनाला चालले असते. समारंभाच्या आदल्या दिवशी ब्लॉक कोंडवाड्यात जायचे, रात्रभर वायू खायचे, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यातला एक फोडून दाखवायचा. त्याच्याही आदल्या संध्याकाळी केतकी मॅडमचा फोन आला. “सर, उद्या सकाळी सहाला क्युरिंग सुरू करा. मी परवा समारंभाला पोचतेच.”

त्यांच्या भाषेत क्युरिंग म्हणजे वायू. मला ते कळलं. मी खडू घेतला आणि फळ्यावर, माझ्या त्या सुरेख गोल अक्षरात लिहिलं: ‘नवे ब्लॉक. सकाळी ६ ला क्युरिंग.’ आणि पालघरच्या बसला जाऊन बसलो. खिडकीतून तेच कोरडं वारं आत येत होतं. मी पाहुण्यांच्या स्वागताचं वाक्य जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी मी आठला पोचलो तेव्हा कोंडवाड्याचं दार बंद होतं, वायू सोडलेला होता. अंगण ओलं होतं. आमचं अंगण ओलंच असतं.

काटा हलत नव्हता.

ब्लॉक वायू गिळू लागले की आतला दाब उतरतो आणि काटा खाली येतो, पुन्हा वायू सोडायचा, पुन्हा उतरतो. जेवणाऱ्या माणसाला वाढत राहावं तसं. इथे वाढलेलं पान तसंच होतं. नऊ वाजले, दहा वाजले. मी काचेवर टिचकी मारली. रामसूरतने बाजूला उभं राहून तंबाखू मळता मळता निदान केलं, “मास्तरजी, काँटा तो सो गया है.”

दुपारी मॅडमचा फोन. “काटा उतरतोय ना?”

मी म्हटलं, “लक्ष आहे माझं.” हे खोटं नव्हतं. मी दिवसभर दुसरं काही पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी मी शेठकडे गेलो. ते पाहुण्यांच्या खुर्च्यांवर पांढरी आवरणं चढवून घेत होते. मी म्हटलं, काहीतरी बिघडलं आहे, वायू आत जात नाही, उद्याचं पुढे ढकलू या.

शेठ वाईट माणूस नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं, काट्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं. म्हणाले, “मास्तर, मंडप लागलाय.”

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. लग्नं, उद्घाटनं आणि माझ्या माहितीतल्या बऱ्याच योजना याच एका कारणाने पार पडलेल्या आहेत.

आता ब्लॉक तपासायच्या औषधाविषयी सांगायला हवं. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही ते पाहिलेलं असेल. बाटलीत पाण्यासारखं दिसतं आणि चुन्यावर पडलं की लालगुलाबी होतं. फोडलेल्या ब्लॉकवर ते फवारायचं. आतला चुना तसाच असेल तर रंग येतो. चुन्याने वायू गिळून त्याची चुनखडी झाली असेल तर रंग येत नाही, ब्लॉक राखाडीच राहतो. म्हणजे रंग आला की नापास, काहीच झालं नाही की पास. यशाची ही खूण मंचावरच्या कामाला नालायक आहे, हे आधीच कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. मी दोन ब्लॉक मांडून समजावणार होतो, एक जुना, एक नवा. पण समईचा पाय डुगडुगत होता म्हणून मंडपवाल्याने जुना ब्लॉक समईखाली सारला. मंचावर राहिला नवा, शेवंतीचा हार घातलेला.

साडेदहाला मॅडमचा फोन. मनोरजवळ हायवे तुंबला आहे, ट्रक आडवा झालाय, मी आले नाही तर फोडू नका. अकराला पाहुणे आले. नारळ फुटला, शाली झाल्या, वायूला दगडात विसावा मिळाला. मग निवेदिकेने जाहीर केलं की आता आपले लॅबप्रमुख प्रत्यक्ष चमत्कार दाखवतील. इतकी वर्षं मी एकटाच असलेल्या लॅबचा मी प्रमुख आहे, हे मला तेव्हा कळलं.

हातोडा उचलताना मी मनाशी म्हणत होतो, काटाच बिघडला असेल. काटे बिघडतात. ब्लॉक दुभंगला. वास आला, ओल्या भिंतीसारखा, आणि त्या वासानेच मला सगळं सांगितलं. तरी मी बाटली दाबली.

इतका सुंदर रंग मी कधी पाहिला नव्हता. कडेपासून कडेपर्यंत, जराही न सोडता, जास्वंदीसारखा. सगळ्या मंडपातून ‘अरे वा’ निघालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मी माइककडे सरकलो. तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. पण मुख्य पाहुणे आधीच उभे राहिले होते. आपण हरित क्रांती पाहिली, धवल क्रांती पाहिली, आज ही गुलाबी क्रांती पाहतो आहोत, असं ते म्हणाले. कॅमेरे लखलखले. शेठनी मला मिठी मारली. मिठीत माणसाला बोलता येत नाही.

मंडपाच्या शेवटी कामगारांत हिराबाय उभी होती, टाळ्या वाजवत. मी खाली उतरलो तशी पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद पूर्वी पाहिला नव्हता.

“रंग बरा चडला ना, मास्तर?”

“हिराबाय, तू काल काय केलंस?”

“फळ्यावर होतं तेच. रामसूरतला वाचाया लावलं. तो बोलला, मौसी, छे बजे करिंग लिखा है. म्हटलं, आता फळ्यानं सांगितलंय. सहाच्या ठोक्याला नळी सोडली, चांगलं न्हाऊ घातलं, मग भरू दिलं आत. हात नाय आखडला मी.”

मसालेभाताचा घमघमाट सुटला होता. लोक पत्रावळींकडे वळले होते. फळा मंडपाच्या कापडाआड झाकला होता. मी कापड बाजूला करून पाहिलं. अक्षर खरोखरच चांगलं होतं. मी हाताने ते पुसून टाकलं.

का पुसलं, हे मी स्वतःला अनेक वेळा विचारलं आहे. जुना मजकूर पुसायचाच असतो, हे एक उत्तर आहे. ते मी कधी वापरलं नाही, पण जवळ ठेवलं होतं.

केतकी मॅडम दोन वाजता आल्या. हारातला गुलाबी ब्लॉक त्यांनी दारातूनच पाहिला. जवळ येऊन बोट लावलं. हळू आवाजात एकच शब्द विचारला, “पाणी?”

“हो.”

“कुणी?”

मी उत्तर दिलं नाही. पण पाणी मारणारं माणूस आमच्याकडे एकच होतं, त्यामुळे न दिलेलं उत्तरही पोचलं. संध्याकाळी मॅडमनी शेठना सांगितलं, प्रयोग फसला, ब्लॉक ओले होते. शेठनी हिराबायला बोलावलं. मी लॅबच्या दारात उभा होतो.

“तुला पाणी मारू नको सांगितलं होतं ना?”

ती माझ्याकडे बघत होती. फळ्याकडे नाही, माझ्याकडे. मग म्हणाली, “व्हय, सांगितलं होतं.”

“घरी राहा. मी बोलावीन तेव्हा ये.”

असं बोलावणं कधी येत नसतं, हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने नळी गुंडाळली, नेहमीसारखीच नीट, आणि गेली.

मग ते दिवस. मला त्या माघातलं बाकी काही आठवत नाही, हे दिवस मात्र वस्तूंसारखे आठवतात. अंगणात गोणपाटं वाळून कडक झाली होती. रामसूरत नळी घेऊन पाणी मारायचा, कुठे डबकं कुठे कोरडं. तो माझ्याशी बोलायचा नाही. तंबाखू मळायचा आणि पुसलेल्या फळ्याकडे बघायचा. मी फळ्यावर लिहायचं टाळू लागलो. कामं तोंडी सांगू लागलो. शिरगावला वाडीत मी चिकूच्या झाडांना पाणी लावायला बसायचो आणि पाणी आळ्यात शिरताना बघवत नसे. मोठ्या लोकांचा पोकळपणा आपल्याला दिसतो याचा मला आयुष्यभर सूक्ष्म अभिमान होता. ‘महद्भाग्य’ लिहिणारा हात आणि फळा पुसणारा हात एकच निघाला, आणि तो माझ्याच सदऱ्याच्या बाहीतून आलेला होता.

चौथ्या दिवशी मी कुंभवलीला गेलो. बसथांब्यापासून आत, एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून तिचं घर. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. आतून खोकल्याचा आवाज येत होता. दारापुढे नवं घातलेलं कोब्याचं बोटभर पायरीवजा काहीतरी होतं, आणि त्यावर ओलं गोणपाट.

“या, मास्तर. बसा. शेंगा घिऊन जा थोड्या.”

मी बसलो. ती सोलत राहिली. टपोरे दाणे ताटात पडत होते.

शेवटी तीच म्हणाली, “मला वाचता येत नाय. पन तुमचं अक्षर वळखते मी. गोल गोल असतं, भाकरीसारखं. ते तुमीच लिवलं होतं ना?”

“मीच.”

“मग झालं तर,” ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

एवढंच. तिने विचारलं नाही की मग शेठसमोर का बोलला नाहीस. तिला वाटलं होतं, मी ते सांगायलाच निघालो आहे आणि वाटेत इकडे डोकावलो. तिच्या हिशेबात दुसरी शक्यताच नव्हती.

“शेठसमोर तू का नाही म्हणालीस? फळ्यावर होतं म्हणून?”

“फळा पुसला होता,” ती म्हणाली. “पुसलेलं कोन वाचनार? आनि मला वाटलं, तुमाला सवड लागंल.”

रुमालात बांधलेल्या शेंगा घेऊन मी परत आलो. त्या रात्री नाही, भर दुपारी, लॅबमध्ये बसून अहवाल लिहिला. चूक होण्याचं कारण, ‘क्युरिंग’ हा शब्द. शब्द लिहिणारा, मी. पाणी मारणाऱ्या बाईंनी लेखी सूचनेचं पालन केलं. त्यानंतर सूचना पुसणाराही मीच. खाली सही, जरा मोठीच. नोकरी जाईल तर जाईल असं ठरवून मी शेठच्या टेबलावर कागद ठेवला.

शेठच्या समोर स्थानिक दैनिक पसरलेलं होतं. पहिल्याच पानावर गुलाबी ब्लॉक, हारासकट, आणि शेजारी मिठीतला मी. शेठनी माझा अहवाल वाचला, पुन्हा वाचला. घड्या घातल्या.

“चूक कुठे झाली म्हणता?”

“फळ्यावर.”

“फोटोत फळा दिसतोय?”

“नाही. मंडपाचं कापड आहे.”

“मग?” शेठ म्हणाले. त्यांनी फोटो जवळ ओढला. मग एकाएकी त्यांच्या कपाळावर आठी पडली. “ती हिरा कुठाय?”

“घरी. तुम्हीच सांगितलंत.”

“अहो, यशस्वी झालेल्या प्रयोगातल्या बाईला कामावरून काढलं म्हटल्यावर लोक काय म्हणतील? बाहेर कुठे बोलली तर? उद्या सकाळी यायला सांगा तिला. सहाला.”

अशा रीतीने हिराबायची नोकरी वाचली. मी आयुष्यात ज्या मोजक्या वेळी पूर्ण खरं बोललो, त्यांतली ही एक, आणि त्या खऱ्याची काडीइतकीही गरज पडली नाही. जे करायचं मी चार दिवस टाळत बसलो होतो, ते एका छापील खोट्याने बसल्या जागी केलं. अहवाल फाइलला लागला. तो अजून तिथे आहे. वाळवीने सहीपर्यंत मजल मारलेली नाही.

पुढच्या आठवड्यात केतकी मॅडम आणि आम्ही दुसरी खेप घातली. मंडप नव्हता. ब्लॉक वाऱ्यावर ठेवले. मॅडमनी ओल मोजायचं यंत्र लावलं, हिराबायने पेराने वाजवलं आणि म्हणाली, “अजून नाय.” यंत्र म्हणालं, झालं. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि थांबल्या. दोन तासांनी हिराबाय म्हणाली, “आता कोंडा.”

या वेळी काटा उतरला. वायू सोडला, पुन्हा उतरला. दार उघडलं तेव्हा आतून उबदार हवा आली. वायू गिळताना ब्लॉक तापतो. हिराबायने पालथा हात ठेवला आणि पटकन काढला. “ताप आलाय याला,” ती म्हणाली, पण काळजीने नाही.

मी फोडला. फवारलं. आम्ही तिघं वाकून बघत उभे राहिलो. मधोमध नखाएवढा फिकट ठिपका उमटला. बाकी काहीच झालं नाही. राखाडी ते राखाडीच.

“काय झालं?” हिराबायने विचारलं.

“काहीच नाही.”

“मग?”

“मग बरोबर झालं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

त्या निरर्थक दिसणाऱ्या राखाडी तुकड्याकडे बघताना मला काय वाटलं ते लिहायला मी वाक्य शोधलं, आणि सापडायच्या आत सोडून दिलं. शेठना मी सांगितलं, आता खरंच जमलं. ते धावत आले, तुकडा बघितला आणि हिरमुसले. “रंग?” म्हणाले. मी म्हटलं, रंग येत नाही. त्यांनी पाहुण्यांना पुन्हा बोलावलं नाही. न आलेला रंग बघायला कोण येणार?

हिराबाय टिकली. वायू खाल्लेल्या ब्लॉकलाही नंतर थोडं पाणी लागतं, तापात उडालेलं भरून काढायला. पूर्वीइतकं नाही, पण लागतं, आणि कधी कोंडायचे ते तीच सांगते. मी फळ्यावर आता ‘क्युरिंग’ लिहीत नाही. ‘पाणी’ लिहितो किंवा ‘हवा’ लिहितो. मोठे शब्द फळ्यावरून खाली आले, याचा परिणाम माझ्या वाचनावरही झाला आहे. पण तो विषय वेगळा.

यंदाच्या माघातलं वारं आज सकाळीही होतं. कडसर वास होता, म्हणजे सगळं ठीक चाललं आहे. बसमधून उतरलो, अंगणातून शेठच्या केबिनमध्ये सही घ्यायला गेलो. तिथे कोपऱ्यात, लाल मखमलीवर, तो पहिला गुलाबी ब्लॉक ठेवलेला आहे. खाली पितळी पट्टी: ‘वायूला दगडात विसावा’. त्या औषधाचा रंग टिकत नाही, महिन्याभरातच विटला होता. तेव्हा शेठनी पेंटरकडून त्यावर गुलाबी ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले. हिराबाय तो रोज सकाळी सहाला ओल्या फडक्याने पुसते. ऑइलपेंटमधून हवा आत जात नाही, आणि पाणीही.